चारच्या पुढची भाषा

विटीदांडू खेळलेल्या पिढीला 'वकट, लेंड, मूंड, नाल' हे शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. टोल्यांचा क्रम आणि दांडूने मोजलेले अंतर यांची गणना या शब्दांनी होत असे. त्यापुढचे आर, वेद, झक्कू हे शब्द आणि त्यांचा क्रम गावागणिक थोडाफार बदलतो. पहिले चार मात्र बहुतेक ठिकाणी सारखेच राहिले आहेत. खेळताना या शब्दांचा अर्थ काय, असा प्रश्न कोणाला पडला नाही. घरात एक, दोन, तीन, चार आणि मैदानात वकट, लेंड, मूंड, नाल अशी दोन गणिते एकाच मुलाच्या तोंडी सुखाने नांदत होती.

पुढे केव्हातरी एखाद्या तेलुगूभाषकाच्या तोंडून 'ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु' ऐकले की मैदानातल्या त्या शब्दांचे कूळ ध्यानात येते. गोंडीतले 'उंदी, रंड, मुंड, नालुंग' ऐकले तर ओळख आणखी पटते. 'आर' हाही द्राविडी भाषांतला सहाचा शब्द. आपल्या खेळाची मोजणी शेजारच्या भाषाकुळातून आलेली आहे, हे अनेक अभ्यासकांनी यापूर्वी दाखवून दिले आहे आणि त्यात आता नवल राहिलेले नाही. आमचे लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टीने. या उसनवारीवरून कोणीही असा निष्कर्ष काढला नाही की महाराष्ट्रातल्या मुलांना पूर्वी चारपर्यंत मोजता येत नव्हते. उसना अंक हा खेळाचा, शेजाराचा, येण्याजाण्याचा पुरावा आहे, असेच सर्वांनी मानले. ते योग्यच होते. मात्र हाच न्याय आपण एखाद्या लहान भाषेला लावतो का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

ती भाषा आपल्याच राज्यात आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा मोजक्या गावांत आणि पाड्यांत निहाली बोलली जाते. बोलणाऱ्यांची संख्या दोन ते अडीच हजारांच्या आसपास सांगितली जाते. हे लोक आपल्या भाषेला 'कालटो' असेही म्हणतात. आजूबाजूला मराठी आणि हिंदी, डोंगरात कोरकू, असा तिचा शेजार आहे. मराठी आणि हिंदी आर्यकुळातल्या, कोरकू मुंडा म्हणजे ऑस्ट्रोआशियाई कुळातली. निहाली यांपैकी कोणत्याच कुळात बसत नाही. द्राविडी कुळाशीही तिचे नाते सिद्ध झालेले नाही. भाषाविज्ञान अशा भाषेला एकाकी भाषा म्हणते: जिला जगात कोणी सख्खे नाते उरलेले नाही, अशी.

या भाषेतले मोजणीचे शब्द पाहू. एक म्हणजे 'बिडुम', दोन 'इरार', तीन 'मोठो', चार 'नालो'. (या 'मोठो'चा आपल्या 'मोठा'शी काही संबंध नाही.) पाचपासून पुढे सगळे शब्द हिंदी-मराठीचे. चार शब्दांची ही छोटी यादी एखाद्या उत्खननातल्या भिंतीसारखी वाचता येते. सर्वांत खाली 'बिडुम', ज्याला शेजारच्या कोणत्याही भाषेत जोडीदार सापडत नाही. त्यावर 'इरार, मोठो, नालो' हा द्राविडी वळणाचा थर. 'नालो'पाशी आपल्याला विटीदांडूतला 'नाल' आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच्याही वर, पाचपासून, आर्यभाषांचा थर. एका हाताच्या बोटांवर मावणाऱ्या संख्यांत तीन भाषाकुळांचा इतिहास साठलेला आहे.

हा इतिहास आजवर कसा वाचला गेला, तेही पाहण्यासारखे आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ मध्ये निघाला. मुंडा आणि द्राविडी भाषांचा हा खंड स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने तयार केला होता. त्यात निहालीला कोरकूच्या आसपासची, पुढे द्राविडी आणि शेवटी आर्य प्रभावाखाली आलेली मिश्र बोली ठरवण्यात आले. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा ग्रंथ आला, त्यात निहाल ही जमातच भिल्ल आणि कोरकू यांच्या मिश्रणातून झाली असावी, असे म्हटले आहे. माणसे मिश्र, म्हणून भाषा मिश्र, असे हे समीकरण. १९४० मध्ये रॉबर्ट शेफर यांनी या भाषेवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि तिच्यात कोणत्याही ज्ञात कुळात न बसणारा भाग आहे याकडे लक्ष वेधले. सुधीभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊन केलेली टिपणे १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या आधारे डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ मध्ये तौलनिक अभ्यास सिद्ध केला. त्यांच्या हिशेबाने निहालीच्या शब्दसंग्रहात कोरकूशी जुळणारे शब्द एक तृतीयांशाहून थोडे अधिक, द्राविडीशी जुळणारे दहा टक्क्यांच्या आत, आणि भारतातल्या कोणत्याच भाषेशी न जुळणारे शब्द सुमारे एक चतुर्थांश. ही भाषा मुळात एखाद्या टोळीची सांकेतिक बोली असावी का, अशी शंकाही कायपर यांच्या विवेचनात येते.

सांकेतिक बोली ही काही अद्भुत गोष्ट नव्हे. आपल्याकडे दलालांची नंदभाषा होती, तिचे तर मुख्य कामच गिऱ्हाइकाला न कळेल अशा रीतीने आकडे बोलणे हे होते. परंतु नंदभाषा बोलणाऱ्याला घरची मराठी होती. निहाली बोलणाऱ्याची घरची भाषा निहालीच आहे. तिला स्वतःची सर्वनामे आहेत, क्रियापदांची रचना आहे, तिच्यात मुले लहानाची मोठी होतात. आशा मुंडले यांनी गोळा केलेला निहाली शब्दसंग्रह १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि के. एस. नागराज यांचे निहाली भाषेवरचे पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने २०१४ मध्ये काढले. या कामानंतर निहालीला नुसती 'खिचडी' म्हणणे कठीण झाले आहे. तरीही आमच्यापैकी अनेकांनी विद्यार्थी असताना या भाषेबद्दल वर्गात एकच वाक्य ऐकले होते, आणि कबूल केले पाहिजे की पुढे शिक्षक झाल्यावर तेच उच्चारलेही होते: 'या भाषेत चारच्या पुढे अंक नाहीत.' विद्यार्थी हसत. त्या हसण्याला आम्ही कधी अडवले नाही.

त्या हसण्यालाही एक इतिहास आहे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज प्रवाशाने १८५३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या प्रवासाचा वृत्तान्त छापला. त्यात डमारा लोकांची एक हकीकत आहे. एका मेंढीला तंबाखूच्या दोन कांड्या असा भाव ठरलेला असताना, दोन मेंढ्यांच्या चार कांड्या एकदम दिल्या की विकणारा गोंधळून जाई. त्याला प्रत्येक मेंढीचा सौदा स्वतंत्रपणे पुरा करून हवा असे. गाल्टनने यावरून त्या लोकांच्या बुद्धीची पातळी ठरवली आणि पुढे कित्येक ग्रंथांत ही हकीकत उद्धृत होत राहिली. वास्तविक गाल्टन ज्यांना डमारा म्हणतो, त्यांतल्या हेरेरो लोकांच्या भाषेत दहापर्यंतचे आणि त्यापुढचेही अंक आहेत. अनोळखी गोऱ्या व्यापाऱ्याशी व्यवहार करताना एकेक मेंढी एकेक मोबदला घेऊनच हातची सोडावी, हे अडाणीपण की शहाणपण, याचा विचार करायला गाल्टनला सवड नव्हती. आपल्याकडच्या आठवडी बाजारात कोंबड्या विकायला बसलेली म्हातारीही हेच करते.

एडवर्ड टायलरच्या १८७१ च्या 'प्रिमिटिव्ह कल्चर' या ग्रंथात मोजणीच्या कलेवर स्वतंत्र प्रकरण आहे. टायलरही आपल्या काळाचाच माणूस होता. मानवजातीला शिडीच्या पायऱ्यांवर उभे करण्याची त्या काळाची सवय त्यालाही होती. पण त्याने एक गोष्ट स्पष्ट पाहिली होती: मोजणी आधी बोटांवर झाली आणि अंकांचे शब्द मागाहून आले. बोटे, खडे, दोरीच्या गाठी, काठीवरच्या खाचा यांनी माणसाने शब्दांवाचून पुष्कळ मोजले आहे. गुराखी संध्याकाळी गुरे मोजत नाही. कोणते गुरू आलेले नाही, ते त्याला दिसते. तेव्हा अंकाचा शब्द नाही म्हणजे संख्येचे भान नाही, हा तर्कच चुकीचा आहे. तो निहालीला लावताना तर दुप्पट चुकीचा ठरतो, कारण निहाली माणूस पाच, दहा, शंभर म्हणतोच. ते शब्द मूळचे त्याचे नाहीत, एवढाच काय तो फरक.

आता त्या 'चार'कडे वळू. चारवरच का थांबायचे? याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. आपण मराठीत माणसे कशी मोजतो, ते पाहावे. दोघे, तिघे, चौघे. दोघी, तिघी, चौघी. आणि मग? मग पाचजण, सहाजणी. 'पाचघे' असा शब्द मराठीत नाही. चौघांपर्यंत मराठीजवळ माणसांसाठी स्वतंत्र, लिंग दाखवणारी रूपे आहेत. पाचपासून तिला 'जण'ची कुबडी घ्यावी लागते. संस्कृतातही सीमारेषा तीच आहे. एकः, एका, एकम् पासून चत्वारः, चतस्रः, चत्वारि येथपर्यंत अंक लिंगानुसार बदलतो. 'पञ्च' मात्र तिन्ही लिंगांत सारखाच. संस्कृतचा प्रत्येक विद्यार्थी हे रूप पाठ करतो, पण ही रेषा चारनंतरच का पडली असावी, हे त्याला कोणी सांगत नाही.

विदर्भातल्या आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या कोलामी भाषेत हेच चित्र आणखी ठळक दिसते. इमेनो यांनी वर्ध्याकडच्या कोलामीचे व्याकरण १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. या भाषेत दोन, तीन आणि चार यांसाठी पुरुष, स्त्रिया आणि इतर वस्तू अशी तीन वेगवेगळी रूपे आहेत. दोन पुरुषांना 'इद्दर', दोन वस्तूंना 'इंदिंग'. चारच्या पुढे मात्र ही श्रीमंती संपते आणि उसने शब्द सुरू होतात, त्यांत तेलुगूचा वाटा मोठा आहे. निहालीतला 'इरार'सुद्धा पाहताक्षणी तमिळमधल्या 'इरुवर' म्हणजे दोन माणसे, या शब्दाची आठवण करून देतो. म्हणजे 'दोन'पेक्षा तो 'दोघे'च्या जवळचा असण्याची शक्यता आहे.

याचे कारण बहुधा भाषेच्याही आधीचे आहे. तीन-चार वस्तू माणसाच्या डोळ्याला मोजल्याशिवाय कळतात. पाच-सहा झाल्या की मोजाव्या लागतात. चारपर्यंतची संख्या आपण जणू पाहतो, त्यापुढची शिकतो. जे पाहता येते त्याचे शब्द घराचे, जुने, लिंग-वचन-माणूसपण यांत गुंतलेले. जे शिकावे लागते त्याचे शब्द जिथे शिकलो तिथले. त्यामुळे अंकांची उसनवारी नेहमी वरून खाली येते. मोठे अंक आधी बदलतात, लहान शेवटी. झारखंडच्या परिसरातली कुडुख भाषा 'ओंद, एंड, मूंद, नाख' असे चारपर्यंतचे द्राविडी शब्द सांभाळून आहे, पाचपासून आर्यभाषांचे शब्द घेते. तिचीच बहीण माल्तो, राजमहालच्या डोंगरातली. तिच्याकडे स्वतःचे दोनच उरले. बलुचिस्तानातल्या ब्राहुईने 'असिट, इरट, मुसिट' असे तीन राखले, चारपासून तिची मोजणी इराणी वळणाची आहे. पाण्याची पातळी चढावी आणि पायऱ्या बुडत जाव्यात, तसे हे आहे. फक्त येथे बुडण्याची सुरुवात वरच्या पायरीपासून होते.

पण हे केवळ लहान भाषांचेच घडते काय? जपानी भाषेत मोजणीच्या दोन मालिका आहेत: एक स्वतःची, एक चिनी भाषेतून घेतलेली, आणि रोजच्या व्यवहारात दुसरीचेच राज्य चालते. थाई भाषेतले बहुतेक अंकही चिनी वळणाचे. स्वाहिलीने सहा, सात आणि नऊ अरबीतून घेतले, त्यांच्या मधला आठ मात्र स्वतःचा ठेवला. इंग्रजीने डझन आणि मिलियन फ्रेंचकडून घेतले. फिनिश भाषेत शंभरला 'साता' म्हणतात, तो प्राचीन इंडो-इराणी 'शत'चाच पाहुणचार. कन्नडमधला 'साविर' म्हणजे आपला 'सहस्र'. आणि आपण स्वतः? जुन्या मराठीत 'सहस्र' चालत होता, तो बाजूला सारून आपण फारसीतला 'हजार' घेतला. गंमत अशी की 'हजार' आणि 'सहस्र' हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने भाऊभाऊ. घरातल्या भावाला पोथीत बसवून आपण परदेशी गेलेल्या भावाला दिवाणखान्यात आणले. हे का घडले, ते कोणालाही सांगता येईल. हिशेब, वसुली, पगार आणि दप्तर फारसी वळणाच्या राज्यकारभारात चालत होते. अंक दप्तरातून आला. त्यावरून मराठ्यांना नऊशे नव्याण्णवच्या पुढे मोजता येत नव्हते, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

येथे आमच्या मुद्द्याचा गाभा येतो. अंक हा शब्द इतर शब्दांसारखा नाही. झाडाचे नाव, दुःखाचे नाव, देवाचे नाव माणूस स्वतःपाशीही उच्चारतो. अंक मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याशी हिशेब करताना उच्चारला जातो. मजुरीचे दिवस, धान्याची मापे, व्याजाचे रुपये, जंगलखात्याच्या दंडाची रक्कम: यांत दोन पक्ष असतात आणि आकडा दोघांनाही एकच कळावा लागतो. ज्याच्या हातात वही असते, आकडा त्याच्या भाषेत बोलला जातो. म्हणून एखाद्या भाषेतले उसने अंक हे तिच्या दारिद्र्याचे मोजमाप नसून तिच्या हिशेबाच्या संबंधांची नोंद असतात. ही भाषा बोलणाऱ्यांना कोणाकोणाशी आणि कोणाच्या अटींवर हिशेब करावा लागला, ते हे अंक सांगतात.

या दृष्टीने पाहिले की निहालीतले खरे कोडे समोर येते. निहाली शब्दसंग्रहात सर्वांत मोठा उसना वाटा कोरकूचा आहे. निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेजारी राहिले, त्यांच्याकडे कामे करत आले. निमाडकडच्या अनेक निहालांनी तर आपली भाषा सोडून कोरकू किंवा हिंदी स्वीकारली. मग निहालीतल्या अंकांत कोरकूचा एकही शब्द का नसावा?

कोरकूकडे अंक नव्हते, असे म्हणता येत नाही. उलट तिच्याकडे एक ते दहा असा पुरा संच आहे: मिया, बारी, अफई, उफून, मोनोई, तुरुई, एई, इलार, अरेई, गेल. संथाली जाणणाऱ्याला यांतले 'तुरुई' आणि 'गेल' लगेच ओळखू येतील. सातपुडा आणि संथाल परगणा यांच्यामध्ये एवढे अंतर असूनही सहा आणि दहा हे शब्द जवळजवळ तसेच राहिले आहेत. मुंडा भाषा मोजणीत मागे नाहीत, हे नॉर्मन झाइड यांच्या १९७८ च्या मुंडा अंकांवरील अभ्यासातून विस्ताराने दिसते. ओडिशा-आंध्रच्या सीमेवरची सोरा भाषा तर बारा आणि वीस अशा दोन पायांवर मोजते. तिच्यात तेरा म्हणजे बारा-एक आणि एकोणीस म्हणजे बारा-सात. आपल्याकडे कापडाच्या व्यवहारात वीस नगांसाठी 'कोडी' हा शब्द होता, बंगालीत 'कुडी' आहे. त्याचे मूळ मुंडा भाषांत असावे, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. खेड्यातली आजी 'तीन विसा' म्हणून साठ सांगत असे, त्या विसांच्या हिशेबालाही असाच शेजार असू शकेल. ज्या कुळाकडून कदाचित आपणही काही घेतले, त्याच्याकडून निहालीने अंकांचे मात्र काहीच घेतले नाही.

याचे दोन अर्थ संभवतात. एक असा की पाच ते दहा हे अंक कधीकाळी कोरकूकडून आलेही असतील, पण पुढे बाजारच्या अंकांनी ते पुसून टाकले. खुद्द कोरकूत आज हिंदी-मराठी अंकांनी जो शिरकाव केला आहे, तो पाहता हे अशक्य नाही. दुसरा अर्थ आम्हाला अधिक विचार करायला लावतो. निहाल आणि कोरकू यांच्यातला व्यवहार आकड्यांचा नसेलच. एकाच्या शेतावर दुसऱ्याने राबावे आणि सुगीला धान्य घ्यावे. एका जंगलातली फळे, मुळे, लाकूड वाटून घ्यावे. सणाला एकत्र यावे. अशा सहवासात शब्द शेकड्यांनी येतात, पण आकडा उच्चारायची वेळ क्वचित येते. आकडा आला तो डोंगराखालून, जिथे पैसा होता आणि वही होती. तसे असेल तर निहालीतले अंक आपल्याला शेजारी आणि सावकार यांच्यातला फरक दाखवतात. ज्याच्याबरोबर जगलो त्याचे शब्द आमच्या भाषेत आहेत, आणि ज्याला देणे लागलो त्याचे आकडे.

दोन ते चार या द्राविडी थराचे मात्र असे सोपे उत्तर मिळत नाही. लहान अंक सहजासहजी बदलत नाहीत. ते बदलले असतील तर द्राविडी भाषकांशी निहालीचा संबंध फार जुना आणि फार निकटचा असला पाहिजे. नुसत्या बाजारापुरता नव्हे. आज त्या पट्ट्यात निहालीच्या अगदी शेजारी द्राविडी भाषा उरलेली नाही. म्हणजे 'इरार, मोठो, नालो' हे तीन शब्द अशा शेजाराची साक्ष देतात, जो आता नकाशावर दिसत नाही. इतिहासाच्या कागदपत्रांत ज्यांच्याबद्दल लूटमारीच्या तक्रारींपलीकडे फारसे काही लिहिले गेले नाही, त्यांचा हा एक दस्तऐवज आहे, आणि तो त्यांनी स्वतः जपला आहे.

यापुढे एक विसंगती नोंदवली पाहिजे. ज्या भाषेच्या मोजणीबद्दल आपण इतके बोललो, ती भाषा स्वतः मोजली जाते का? १९६१ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची यादी १,६५२ नावांची होती. १९७१ पासून ज्या भाषेचे भाषक दहा हजारांहून कमी आहेत, तिचे आकडे स्वतंत्रपणे प्रसिद्ध न करण्याचा निर्णय झाला. २०११ च्या जनगणनेत अशा रीतीने १२१ भाषा दिसतात. कोरकू त्यांत आहे, तिचे भाषक सात लाखांहून अधिक. निहाली त्यांत नाही. अडीच हजार ही संख्या दहा हजारांच्या उंबरठ्याबाहेर राहते आणि 'इतर' या शब्दात विरघळते. चारच्या पुढे अंक नाहीत म्हणून आपण ज्या भाषेला हसलो, तिच्यासाठी आपल्या मोजणीत दहा हजारांच्या खाली आकडा नाही. प्रत्येक मोजणीला तिची एक भिंत असते. निहालीची चारवर आहे आणि जनगणनेची दहा हजारांवर. फरक एवढाच, की निहालीच्या भिंतीने कोणाचे नुकसान झालेले नाही.

अखेरीस पुन्हा आपल्या घरी येऊ. जून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात जोडअंकांचे नवे वाचन आले: त्रेसष्ट ऐवजी 'साठ तीन', पंचाहत्तर ऐवजी 'सत्तर पाच'. मुलांना जोडाक्षरी शब्द अवघड जातात आणि शब्दातला क्रम लिहिण्याच्या उलटा पडतो, हे त्यामागचे कारण होते. त्यावर महाराष्ट्रभर जो वाद झाला, तो आपल्या स्मरणात आहे. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती, हे येथे ठरवायचे नाही. पण त्या वेळी अनेकांना प्रथमच जाणवले की अंकांचे शब्द हीही भाषेची मालमत्ता आहे आणि तीही जाऊ शकते. एरवी आपण मोबाइलचा क्रमांक मराठीत सांगणे कधी सोडले, ते कोणाला आठवत नाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळणारी मुले आपल्याच वर्गांत बसलेली आहेत. त्यांना मोजता येत नाही, असे आपण म्हणत नाही. त्यांचा हिशेब आता दुसऱ्या भाषेशी आहे, हे आपल्याला माहीत असते.

निहालीने जो मार्ग पूर्वीच चालून पाहिला, त्याच मार्गावर मराठीची पावले पडत आहेत. फक्त मराठीकडे गमवायला पुष्कळ असल्यामुळे ते अजून जाणवत नाही. पाणी वरच्या पायऱ्यांवर आहे. दोघे, तिघे, चौघे अजून कोरडे आहेत.

यापुढे वर्गात निहालीचा उल्लेख आला तर आम्ही ते जुने वाक्य म्हणणार नाही. फळ्यावर 'बिडुम, इरार, मोठो, नालो' हे चार शब्द लिहू, त्यांच्या शेजारी 'वकट, लेंड, मूंड, नाल' लिहू, आणि विद्यार्थ्यांना विचारू की या दोन यादींतली उसनी कोणती. ते थोडा वेळ गप्प बसतील, अशी आमची अपेक्षा आहे.